देवाचा उजवा

वहीताईला तिच्या खऱ्या नावानं कुणी हाक मारली असती, तर तिनं आधी मागं वळून दुसरं कुणी उभं आहे का ते पाहिलं असतं. संग्रहालयात सगळे तिला वहीताईच म्हणत, कारण वही तिच्याकडे होती. साधीसुधी वही नव्हे ती. काळ्या कापडाच्या बांधणीची, दोन हातांनी उचलावी लागणारी नोंदवही. दालनात आणि स्टोअरमध्ये मिळून जेवढ्या म्हणून प्राचीन भारतीय मूर्ती होत्या, त्या सगळ्यांची कुंडली तिच्यात. मूर्ती कधी आली, केवढी आहे, कुठल्या दगडाची, काय तुटलंय, काय शाबूत आहे. तिच्याआधी ही वही तिच्या बाबांकडे होती, आणि त्यांना लोक वहीवाले म्हणत. म्हणजे बघा, एका घरातली दोन माणसं आणि दोघांचीही नावं एका वहीनं खाऊन टाकली. लग्न वगैरे वहीताईनं केलं नव्हतं. विचारणारे थकले, ती आईबाबांजवळ राहिली आणि मजेत होती.

बाबांची वही म्हणजे दाखवायची चीज. छत्तीस वर्षांत एक खाडाखोड नाही. टपोरं अक्षर, ओळ सरळ, शाईचा ठिपकासुद्धा कुठे सांडलेला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा भाषणात हेच सांगितलं गेलं, आणि बाबा सगळ्यांसमोर मान डोलवत म्हणाले, "खरं आहे." माणूस प्रेमळ होता, कुणाला दुखवत नसे. पण एक शब्द काही त्यांच्या तोंडातून निघत नसे. 'चुकलं.' रस्ता चुकला तर म्हणत, रस्ता बदललाय. चष्मा सापडेना झाला की घरातल्या कुणीतरी तो हलवलेला असे, मग तो त्यांच्याच कपाळावर का असेना. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात आपण चुकलो असं हा माणूस एकदाही म्हणाला नव्हता. आईनं त्यातली पंचावन्न वर्षं स्वतः मोजली होती.

तर त्या शुक्रवारी मूर्तिदालनात पडताळणी सुरू झाली. पडताळणी म्हणजे काय, तर वहीतली नोंद मोठ्यानं वाचायची आणि समोर उभी आहे ती मूर्ती तीच ना, हे बघायचं. हे काम दर दहा वर्षांनी करायचं असतं, म्हणून कुणी ते कधीच केलेलं नव्हतं. आताचे संचालक नवे होते, उत्साही होते, स्वतः टेप घेऊन मापं घ्यायला उभे राहिले. बाहेरून मूर्तिशास्त्राच्या एक बाई बोलावल्या होत्या. लहानखुऱ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजूनमापून. आणि वहीताई वाचत होती.

"नोंद क्रमांक दोनशे बारा. माधव. काळा दगड. उंची तीन फूट दोन इंच. चार हात. उजव्या खालच्या हातात गदा, उजव्या वरच्या हातात चक्र. डाव्या वरच्या हातात शंख, डाव्या खालच्या हातात पद्म. उजव्या खांद्यावर तिरकी चीर."

मूर्तिशास्त्राच्या बाई मूर्तीकडे बघतच राहिल्या. "परत वाचा बरं," म्हणाल्या.

वहीताईनं परत वाचलं.

"हा माधव नाही. हा केशव आहे," बाई म्हणाल्या.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नावाचं काय एवढं घेऊन बसलात. विष्णूला चार हात, आणि त्या चार हातांत चार वस्तू. शंख, चक्र, गदा आणि पद्म, म्हणजे कमळ. चेहरा तोच, मुकुट तोच, उभं राहणंही तेच. कुठली वस्तू कुठल्या हातात आहे, एवढ्यावरून देवाची चोवीस नावं ठरतात. गदा या हातातून त्या हातात गेली, की देव बदलला. आपलं बरं असतं, पिशवी कुठल्याही हातात धरली तरी घरचे ओळखतात. आणि उजवा हात म्हणजे देवाचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. देव आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. या कामातलं हे पहिलं अक्षर, ते न गिरवता कुणाला पुढं जाता येत नाही.

समोरच्या मूर्तीच्या उजव्या हातांत खाली पद्म होतं आणि वर शंख. डाव्या हातांत वर चक्र आणि खाली गदा. वहीत होतं त्याच्या नेमकं उलट. आणि ती तिरकी चीरसुद्धा डाव्या खांद्यावर होती.

संचालकांनी टेप लावली. तीन फूट दोन इंच भरलं. "उंची तर जुळते," ते जरा आशेनं म्हणाले.

"उंची जुळणारच. नक्कल करणारा उंची चुकवत नाही."

नक्कल हा शब्द ऐकला आणि वहीताईच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र वर्गात शिकवावं तशा शांतपणे सांगत होत्या. खरी मूर्ती बाहेर जाते आणि तिच्या जागी नवी घडवून ठेवतात. घडवणारा फोटो बघून घडवतो. निगेटिव्ह उलटी लावून फोटो काढला गेला, की उजव्याचं डावं होतं, हात, चीर, सगळंच. कारागिराला देवाची नावं कुठं ठाऊक असतात, दिसलं तसं घडवतो. दगड जुना वाटतोय खरा, पण चांगली नक्कलही जुनीच वाटते. तपासायला पाठवला तर कळेल, पण त्याला सहा महिने जातात.

"किंवा दुसरंही एक असू शकतं," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं देवाचा सोडून स्वतःचा उजवा लिहिला असेल. नवख्या माणसाकडून होतं तसं. कुणी लिहिलीय ही नोंद?"

"माझ्या बाबांनी," वहीताई म्हणाली, आणि तिची मान ताठ झाली. "आणि त्यांच्याकडून असलं होणं शक्यच नाही. देवाचा उजवा मला त्यांनीच शिकवलाय. नऊ वर्षांची होते मी, याच दालनात उभं केलं होतं मला."

सुटकेचं एक दार उघडं होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं लावलं आणि वर कडी घातली. अभिमान माणसाला असा महागात पडतो. संचालकांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. ते वाईट माणूस नव्हते, पण नियमाला घाबरणारे होते.

"मग सोमवारी अकरा वाजता मला पोलिसांत तक्रार द्यावी लागेल. मूर्ती गहाळ झाल्याची. स्टोअरच्या चाव्या आजवर कुणाकुणाकडे होत्या, ते त्यात लिहावं लागतं. तोवर काही खुलासा मिळाला तर बघा, वहीताई."

चाव्या छत्तीस वर्षं बाबांकडे होत्या आणि गेली एकवीस वर्षं तिच्याकडे. तिसरं नाव लिहायला कुणी नव्हतंच.

घरी आली तेव्हा बाबा शब्दकोडं सोडवत बसले होते. पेननं. पेन्सिलीनं शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसांबद्दल त्यांना कीव वाटे. आईनं लेकीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं.

"बाबा, दोनशे बारा," वहीताई म्हणाली.

"माधव," बाबा म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

"समोर केशव उभा आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. हात, चीर, निगेटिव्ह, सोमवार, चाव्या. बाबा ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या पेनाचं टोपण लागलं.

"मी लिहिलंय ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मी माधव लिहिलाय, म्हणजे तो माधवच होता. आता तिथं केशव असेल, तर तो नंतर आला."

"नंतर म्हणजे कधी?"

"माझ्यानंतर."

 "अहो, तुमच्यानंतर ही आहे," आई म्हणाली. "दुसरं कोण आहे?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"बाबा, लिहितानाच काही इकडचं तिकडं झालं असेल का?" वहीताईनं विचारलं. अगदी हळू विचारलं, पण विचारलं.

"माझ्या वहीत?" बाबा म्हणाले. एवढंच. मग कोडं अर्धवट टाकून आत जाऊन पडले. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला नाही की बातम्यांवर कुणाची खरडपट्टी काढली नाही.

हे त्यांचं गप्प होणं वहीताईच्या मनात काट्यासारखं रुतलं. बाबांना राग आला की ते बोलत, भरपूर बोलत. गप्प झालेले बाबा तिनं पाहिले नव्हते. आणि एकदा मनात पाल चुकचुकली, की ती काय काय आठवून देते बघा. बाबांचा एक फोटोग्राफर मित्र होता. बाबांनी नियम मोडून त्याला स्टोअरमध्ये नेलं होतं, फोटो काढू दिले होते. तो माणूस कधीचा वारला, त्याचं दुकानही गेलं. पण तिच्या लहानपणी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या हातात निगेटिव्हचं पाकीट असे, हे तिला लख्ख आठवलं. आपला बाप चोर असेल का? असा विचार आपल्या मनात येऊच कसा शकतो, म्हणून तिनं स्वतःला चार शिव्या दिल्या, आणि तो विचार जिथल्या तिथं राहिला.

शनिवारी संग्रहालय बंद असतं. वहीताई सकाळीच गेली, पहारेकऱ्याकडून दार उघडून घेतलं आणि स्टोअरमधल्या टेबलावर वही उघडली. खरं सांगायचं तर ती बाबांना सोडवायला गेली नव्हती. अजून किती मूर्ती गेल्या असतील, ते बघायला गेली होती. दोनशे बाराच्या मागची आणि पुढची पानं तिनं एकेक ओळ करून वाचायला घेतली.

एकशे अठ्ठ्याण्णव. गणपती, बसलेला, उजव्या सोंडेचा. असेल. दोनशे तीन. गणपती, नाचणारा, उजव्या सोंडेचा. दोनशे सात, गणपती, उजव्या सोंडेचा. दोनशे सोळा, तेच. वहीताई थांबली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे शंभरात एखादा, त्याच्या कडकपणाच्या गोष्टी सांगतात लोक. इथं ओळीनं चार बसलेले. ती उठली, मागच्या फळ्यांपाशी गेली, चौघांवरची कापडं काढली. चारही गणपतींच्या सोंडा डावीकडे वळलेल्या होत्या.

ती टेबलापाशी परत आली. एक विष्णू, चार गणपती. बाबांनी पाच मूर्ती विकल्या, आणि आपण त्यांच्याकडून देवाचा उजवा शिकलो.

पण हात थांबले नाहीत, सवयीचे होते. तिनं पान उलटलं. दोनशे एकोणीस. अर्धनारीश्वर. 'उजवं अंग स्त्रीचं, डावं अंग पुरुषाचं.'

हे वाचून वहीताई पुतळ्यासारखी बसली. अर्धा शंकर आणि अर्धी पार्वती अशी ती मूर्ती, दालनाच्या दाराशीच उभी असते. पार्वती डावीकडे. एखादा विरळा अपवाद सोडला, तर जिथं जिथं हा देव घडवला गेला तिथं तिथं ती डावीकडेच. उजवीकडे स्त्री असलेली एवढी दुर्मीळ मूर्ती खरंच इथं आली असती, तर थोरल्या साहेबांनी, म्हणजे बाबांच्या वेळच्या संचालकांनी, सगळं गाव गोळा केलं असतं. वही उचलून ती दालनात गेली, मूर्तीसमोर उभी राहिली. वहीत बघितलं, मूर्तीकडे बघितलं. मग आपला उजवा हात वर करून सरळ समोर धरला. बोट पार्वतीकडे गेलं.

तिनं पानाच्या कडेची तारीख बघितली. नऊ. दोनशे बाराची तारीखही नऊच. आणि बाबा नोकरीला लागले त्याच महिन्याच्या चार तारखेला. ही तारीख घरात सगळ्यांना पाठ होती, कारण बाबा ती दरवर्षी सांगत. चार तारखेला रुजू झालो, वही कोरी होती, पहिली ओळ माझी. त्याआधी ते मालाच्या गोदामात कारकून होते. खोक्याची उजवी बाजू म्हणजे आपल्या उजव्या हाताची बाजू. खोक्याला कुठला आलाय स्वतःचा उजवा? नऊ तारखेला बाबांच्या नोकरीचा सहावा दिवस होता. समोर दिसलं तसे हात लिहिले, आणि स्टोअरच्या भिंतीवर चोवीस नावांचा तक्ता टांगलेला असे, त्यात बघून माधव हे नाव लिहून मोकळे झाले. वहीताईनं भराभर पानं उलटली. सोळा तारखेपर्यंत सगळं उलटं होतं. सतरा तारखेला गणपतींनी एकदम सोंडा फिरवल्या आणि सगळे डावे झाले, ते शेवटपर्यंत.

ती तिथंच दालनात फरशीवर बसली आणि हसायला लागली. पहारेकरी येऊन बघून गेला. हसता हसता तिला रडू आलं, तेही तिनं येऊ दिलं. कालपासून छातीवर धोंडा होता तो उतरला होता. बाप चोर नव्हता. बाप नवखा होता. बाबांच्याही आयुष्यात कधीतरी पहिला आठवडा असेल, त्यांनाही कधीतरी काही येत नसेल, हे इतकी वर्षं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जणू बाबा देवाचा उजवा शिकूनच जन्माला आले होते.

घरी जाऊन तिनं हे सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बाबांचाही जीव भांड्यात पडेल. कुठलं काय.

"मी? उजवा-डावा कळेना मला?" बाबा म्हणाले.

"सहावा दिवस होता, बाबा."

"मग काय झालं? सहाव्या दिवशी काय आंधळा होतो मी?"

"तुम्ही एक ओळ लिहून द्या. वहीत उजवा-डावा बघणाऱ्याच्या बाजूनं लिहिला गेला, एवढंच. तक्रार होणार नाही."

"म्हणजे मी चोर नाही हे दाखवायला मी मूर्ख आहे असं लिहून देऊ?"

"अहो, सहाव्या दिवशी सगळेच मूर्ख असतात," आई म्हणाली. "लग्नानंतर सहाव्या दिवशी तुम्ही मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती."

"ती तुझ्यासारखी दिसते. त्यात माझा काय दोष?"

वहीताईनं शेवटचं सांगून बघितलं. "बाबा, तुम्ही बरोबर असाल तर मूर्ती बदलली गेली. आणि बदलली असेल, तर एकतर तुमच्या वेळेला नाहीतर माझ्या. कुठलं लिहू?"

बाबा उठले. न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. रविवारही असाच गेला. एका छताखाली तीन माणसं, आणि वाक्यं म्हणाल तर सगळी मिळून दहा-बारा.

सोमवारी वहीताई एकटीच निघाली. सव्वादहाला तिनं मूर्तिशास्त्राच्या बाईंना आणि संचालकांना चार गणपती दाखवले, अर्धनारीश्वर दाखवला, तारखा दाखवल्या. बाईंनी दोरीचा चष्मा लावून सगळी पानं नीट वाचली.

"पटतंय मला," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी म्हटलं होतं, तेव्हा तुम्हीच नाही म्हणालात."

"माझंच चुकलं," वहीताई म्हणाली. तिला हा शब्द बरा येत होता.

संचालक खुर्चीत चुळबुळले. "मलाही पटतंय. पण वरून विचारतील तेव्हा काय सांगू? अंदाज तुमचा, आणि फायदाही तुमच्याच घरचा. ज्यांनी लिहिलं ते हयात आहेत. त्यांनी एकदा सांगितलं की संपलं."

"ते नाही सांगायचे."

"का?"

काय सांगणार. माझ्या बाबांना तो शब्द येत नाही, म्हणून सांगू? घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी होती. संचालकांनी तक्रारीचा कागद पुढं ओढला आणि उगाचच पेनात शाई आहे का ते बघितलं.

तेवढ्यात पहारेकरी आला. वहीवाले आलेत म्हणाला, सोबत घरच्या बाई आहेत, थेट दालनात गेले, थांबले नाहीत.

सगळे उठून धावले. बाबा दालनात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आई भिंतीकडच्या बाकावर बसली होती. बाबांनी कुणाला नमस्कार केला नाही. ते दोनशे बाराच्या शेजारी गेले, मूर्तीसारखेच सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले, आणि दोन्ही हात वर केले. 

"थोरल्या साहेबांनी मला असं उभं केलं होतं," ते म्हणाले. "सोळा तारीख होती. सगळा स्टाफ समोर. म्हणाले, आता सांग, तुझा उजवा कुठला. मी हा हलवला. मग म्हणाले, देवालाही तोच उजवा असतो, गाढवा. सगळे हसले. तासभर हसत होते."

 बाबांनी हात खाली घेतले.

"साहेबांनी सांगितलं, मागच्या सगळ्या नोंदी लाल शाईनं दुरुस्त कर. दुसऱ्या दिवशी विचारलं, केल्यास का. मी म्हटलं, केल्या." बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. "केल्या नव्हत्या. नवी कोरी वही होती. पहिल्याच पानांवर लाल शाई ओतायला हात धजला नाही. म्हटलं, करू नंतर. नंतर लोक वहीचं कौतुक करायला लागले. मग तर राहूनच गेलं. शुक्रवारी हिनं दोनशे बारा म्हटलं, तेव्हाच मला सगळं आठवलं होतं."

त्यांनी मूर्तीकडे बघितलं आणि मग लेकीकडे.

"मूर्ती तीच आहे. कुणी नेली नाही, कुणी बदलली नाही. हा पहिल्यापासून केशवच आहे. चुकलं माझं."

संचालकांनी एवढा मोठा श्वास सोडला, की बाकावरच्या आईनं वळून बघितलं. तक्रारीचा कागद त्यांच्या हातातच होता, त्याची त्यांनी चार घड्या करून खिशात घातली. दगडाची तपासणीही आता नको ना, अशा नजरेनं त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि बाईंनी नको म्हणून मान हलवली. मग बाई बाबांजवळ गेल्या.

"मी शिकत होते तेव्हा नटराजाचा उजवा पाय वर आहे, असं परीक्षेत लिहून आले होते," त्या म्हणाल्या. "असतो डावा. नापास झाले. पण तुमचं अक्षर फार सुंदर आहे."

"ते आहेच," बाबा म्हणाले.

उलट्या लिहिलेल्या एकतीस नोंदी निघाल्या. वहीताई म्हणाली मी करते, संचालक म्हणाले एकच टीप लिहिली तरी चालेल, पण बाबा ऐकेनात. लाल शाईचं पेन मागवलं, दालनातच टेबल लावून घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक नोंदीखाली एकच मजकूर. 'उजवा-डावा बघणाऱ्याच्या बाजूनं लिहिला. चूक माझी.' खाली सही आणि तारीख. दोनशे बारावर 'माधव' खोडून 'केशव' लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. पहिल्या पाच-सहा नोंदींना त्यांच्या कपाळावर घाम होता. दहाव्या नोंदीपर्यंत हात सैल झाला. पंधराव्याला ते लिहिता लिहिता गुणगुणायला लागले.

वहीताई शेजारी बसून पानं उलटत होती. तिच्या मनात एक राहिलं होतं, ते तिनं बोलून टाकलं.

"बाबा, मला तुमचा संशय आला होता."

पेन थांबलं. "किती वेळ?"

"शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार दुपारपर्यंत."

"बराच वेळ की." बाबा पानाकडेच बघत होते. "मला तुझा आला नव्हता. एक क्षणही नाही. तरी 'माझ्यानंतर' म्हणालो मी. वही वाचवायला तुला पुढं केलं."

 बाबांनी पेन खाली ठेवलं, तिच्या हातावर हात ठेवला, आणि या वेळी कुणीही मागितलेलं नसताना, कुठल्याही नोंदीखाली न लिहिता, हळूच म्हणाले, "चूक माझी."

ती मान खाली घालून रडली. मग डोळे पुसले आणि पुढचं पान उलटलं.

आई बाकावरून उठून टेबलापाशी आली. लाल शाईनं रंगलेलं पान तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, बोट फिरवत, एक शब्द न सोडता.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"एकोणीस," बाबा म्हणाले. "अजून बारा आहेत. तू घरी जा हवं तर, वेळ लागेल मला."

"लागू दे की," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसली. "सावकाश लिहा. मला अजिबात घाई नाही."